मेणवलीचा वाडा आणि माझ्या आराखड्यातलं एक चुकीचं वाक्य

मी बेलापूरला राहते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवी मुंबई येते. आमचं बेलापूर वेगळं. प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. त्यात भर म्हणजे 'बेलापूर' नावाचं रेल्वे स्टेशन बेलापूर गावात नाहीच, ते आहे श्रीरामपूर शहरात. नवखा प्रवासी पाटी वाचून हमखास गोंधळतो. आणि मराठे-पोर्तुगीज लढायांच्या कागदांत 'बेलापूर' आलं, तर ते कोकणातलं, किल्ल्याचं बेलापूर असतं, आमचं नव्हे.

नाव, साल आणि ठिकाण एकमेकांशी ताडून बघायची सवय आपल्याला गावानेच लावली आहे, असा माझा समज होता. मग पीएच.डी.च्या पहिल्याच आराखड्यात मी एक वाक्य लिहिलं आणि तो समज उतरला. वाक्य असं होतं: 'नाना फडणवीसांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या बाजीरावाने त्यांची मालमत्ता जप्त केली, पंचवीस वर्षांनी लॉर्ड वेलस्लीने मेणवलीचा वाडा नानांच्या पत्नी जिऊबाई यांना परत केला.'

गाईडनी 'वेलस्ली' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला. बाजूला काहीही लिहिलं नाही. मला वाटलं, स्पेलिंग चुकलं असेल.

तुमच्यापैकी जे यंदा 'पेट' देताय, किंवा ज्यांचा आराखडा अजून तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात अडकलाय, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. मेणवलीच्या वाड्याबद्दल मराठीत आणि इंग्रजीत जे लिखाण फिरतं, त्याची ही समीक्षा समजा. त्या लिखाणाची चेष्टा करायची नाहीये. मीही त्यातलंच लिहिलं होतं. पण एखाद्या मुत्सद्द्याच्या गावाकडच्या घराचा इतिहास आपण कसा लिहितो आणि त्यात काय सांडतो, हे बघायला मेणवलीइतकं चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्यात. मृत्यू १३ मार्च १८००, पुण्यात. पानिपतातून जिवंत परतलेले, बारभाईंच्या कारस्थानातले प्रमुख, पुढे वीसेक वर्षं पुण्याचा कारभार हाताळणारे. साडेतीन शहाण्यांतले ते 'अर्धे', कारण मुत्सद्दी होते पण लढवय्ये नव्हते, हे तर शाळेतच ऐकलेलं असतं.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी मेणवली आहे. तिथे नानांनी सहा चौकांचा वाडा बांधला, मागे नदीला दगडी घाट बांधला आणि घाटावर विष्णूचं आणि मेणेश्वराचं अशी दोन देवळं उभी केली. एका मोठ्या पोर्तुगीज घंटेसाठीही तो घाट प्रसिद्ध आहे. आजकाल मात्र 'स्वदेस' (२००४) या सिनेमाचं गाव म्हणून मेणवली जास्त ओळखली जाते.

एखादं प्रवासवर्णन, एखादा ब्लॉग किंवा रविवारच्या पुरवणीतला लेख उघडा. क्रम ठरलेला असतो. नानांची थोरवी, सागवानी खांब, भिंतींवरची चित्रं, घाट, घंटा, सिनेमा, आणि शेवटी 'हा वारसा जपायला हवा'. यातलं काहीच खोटं नाही. वाड्याच्या रचनेबद्दल तर यातल्या काही लेखांत फार नेमकी निरीक्षणं आहेत; चौक कसे एकात एक उघडतात, नदीकडचा दरवाजा कुठे आहे, हे मला त्यांच्यामुळेच आधी कळलं. अडचण वाड्याबाहेर सुरू होते.

वेलस्लीचा गोल

आता माझं वाक्य पुन्हा वाचा, या वेळी बोटांवर मोजत. नाना वारले १८०० मध्ये. त्यात पंचवीस मिळवा, १८२५. वेलस्ली नावाचे दोन भाऊ आपल्या इतिहासात येतात: गव्हर्नर-जनरल रिचर्ड आणि सेनापती आर्थर. दोघांनीही १८०५ मध्ये हिंदुस्थान सोडला. १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. म्हणजे जो माणूस वीस वर्षांपूर्वीच देश सोडून गेला, त्याच्या हातून मी जिऊबाईंना वाडा परत देत होते.

अशी चूक हवेतून येत नाही. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या की ती तयार होते. नानांच्या मृत्यूनंतर जिऊबाई लोहगडावर होत्या. वयाने अगदी लहान. किल्ला नानांचा विश्वासू धोंडोपंत याच्या ताब्यात होता. किल्ला पेशव्यांच्या हवाली करायची वेळ आली तेव्हा आर्थर वेलस्लीने मध्यस्थी केली, आणि जिऊबाई इंग्रजांच्या आश्रयाने पनवेलला राहायला गेल्या. म्हणजे वेलस्ली खरा, जिऊबाई खऱ्या, मध्यस्थीही खरी. पण हा प्रसंग लोहगडाचा, आणि वेलस्ली इथे असतानाचा. मिळकतीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं चालला. कुणीतरी दोन्ही प्रकरणं एका वाक्यात बसवली आणि बाकीच्यांनी ते वाक्य उचललं. मीही उचललं.

त्याच वर्णनांत आणखी एक गंमत आहे. 'बाजीरावाने सगळं जप्त केलं, फक्त मेणवलीचा वाडा सुटला' असं एक वाक्य असतं, आणि लगेच पुढे 'तो वाडा जिऊबाईंना परत मिळाला'. सुटला होता, तर परत काय दिलं? लेखकाच्या दोन वाक्यांत असं भांडण दिसलं की तिथे थांबायचं. वाडा, गावाचं इनाम आणि रोख-जवाहीर या तीन वेगळ्या मिळकती आहेत. तिन्ही एकाच दिवशी जात नाहीत आणि एकाच दिवशी येत नाहीत. 'मालमत्ता' हा एक गोळा शब्द वापरला की हा फरक पुसला जातो.

पण या चुकीत सालापेक्षा मोठी गोष्ट हरवते. त्या पंचवीस वर्षांत एक बाई आहे. मोठ्या घरात लहानपणी दिलेली, लवकर विधवा झालेली, पेशव्यांपासून जपून राहणारी, पेशवाई बुडाल्यावर नव्या सरकारपुढे आपला हक्क मांडणारी. माझ्या वाक्यात ती फक्त घेणारी आहे. देणारा लॉर्ड वेलस्ली. क्रियापदाचा कर्ता बदलला की इतिहासच बदलतो. 'वेलस्लीने परत केला' याऐवजी 'जिऊबाईंनी मिळवला' असं लिहून बघा. लगेच पुढचे प्रश्न सुचतात: कुणाच्या मदतीने, कुठल्या कागदांच्या आधाराने, कुणाच्या विरोधात? गाईडनी गोल केला होता एकाच शब्दाभोवती. त्याच्या आत अख्खं प्रकरण होतं हे मला फार उशिरा समजलं.

घंटेचं गणित

असाच दुसरा नमुना घंटेचा. 'वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली घंटा मेणवलीला आहे' असं सर्रास लिहितात. घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. वसई पडली मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पा वारले १७४० च्या डिसेंबरात. नाना जन्मले १७४२ मध्ये. मेणवली नानांना इनाम मिळाली १७६८ च्या डिसेंबरात.

म्हणजे घंटा वसईची मानली तरी वसई ते मेणवली या प्रवासात किमान एकोणतीस वर्षांचं अंतर आहे, आणि ती आणणारा माणूस त्यातल्या जवळपास सगळ्या काळात हयातच नाही. ती आधी कुठे होती? कुणाच्या ताब्यात? नानांना भेट मिळाली, की विकत घेतली, की सरकारातून आली? लेखात 'चिमाजी अप्पांनी आणलेली' एवढं वाचलं की समाधान होतं आणि प्रश्न मरतो. संशोधकाचं काम त्या एकोणतीस वर्षांत सुरू होतं.

एक सोपी युक्ती सांगते. वाचत असलेल्या प्रत्येक लेखातली सालं वहीत एका ओळीत उतरवायची. फक्त सालं, बाकी काही नाही. लेख कितीही ओघवता असला तरी सालं ओघवती नसतात. ती कुठे उडी मारतात ते लगेच दिसतं.

गाव 'मालकीचं' म्हणजे नेमकं काय?

आता मुख्य आक्षेप. जवळपास सगळ्या लेखांत 'मेणवली गाव नानांना मिळालं' असं एक वाक्य येतं आणि मग थेट वाड्याचं वर्णन. वाचणाऱ्याला वाटतं, गाव म्हणजे आजचा सातबारा: जमीन त्यांची, झाडं त्यांची, माणसं त्यांची कुळं. तसं नव्हतं.

इनाम म्हणजे मुख्यतः गावच्या वसुलाचा हक्क. सरकारात जायचा पैसा आणि धान्य इनामदाराकडे जाई. अशा सनदांची ठरलेली भाषा तुम्हाला पुढे पाठ होईल: कुलबाब, कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. वाचताना वाटतं, बापरे, सगळंच दिलं! पण शेवटी सहसा एक छोटं कलम असतं: 'खेरीज हक्कदार व इनामदार'. म्हणजे आधीपासून ज्यांचे हक्क आहेत त्यांचे सोडून. पाटील राहतो, कुलकर्णी राहतो, बलुतेदारांची बलुती राहतात, मिरासदाराची मिरास राहते. तुमच्या हातात सनद आली तर मोठ्या यादीपेक्षा या कलमाकडे आधी बघा. गावात नानांच्या वरही कुणी होतं आणि खालीही, हे त्यातून कळतं.

मेणवलीच्या बाबतीत तर दाते दोन सांगितले जातात: औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री. एका गावाला दोन दाते कसे? लेखांमध्ये ही दोन नावं मानपत्रासारखी येतात आणि निघून जातात. मराठी अमलात एका गावच्या वसुलात अनेकांचे हिस्से असत. चौथाईचेच बघा: बाबती पंचवीस टक्के, साहोत्रा सहा, नाडगौडी तीन आणि मोकासा सहासष्ट. त्याशिवाय सरदेशमुखी वेगळी. गाव 'देणं' म्हणजे प्रत्येकाने आपापल्या हातातला धागा सोडणं.

आणि हे धागे कुणासाठी सुटले? सव्वीस वर्षांच्या एका फडणिसासाठी, ज्याच्या लेखणीखालून राज्याचा हिशेब जात होता. भवानराव स्वतः काही वर्षांपूर्वी प्रतिनिधिपदावरून दूर केले गेले होते आणि माधवराव पेशव्यांच्या काळात त्या पदावर परत आले होते. त्याच १७६८ मध्ये माधवरावांनी धोडपला राघोबांचा पाडाव केला होता. या परिस्थितीत पुण्याच्या फडावरच्या माणसाला एक गाव देणं ही निव्वळ भक्ती किंवा मैत्री असेल, असं मानायला मी तयार नाही. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच लिहिते. पण 'दान' हा शब्द वापरून तो प्रश्न झाकायचा नाही, एवढं मात्र ठाम सांगते.

मधेच अमेरिका

इथे थोडं लांब जाऊ या. नानांचे समकालीन असलेल्या काही परदेशी मुत्सद्द्यांची गावाकडची घरं जगभर माहीत आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन वारले १४ डिसेंबर १७९९ रोजी, म्हणजे नानांच्या तीन महिने आधी. दोघांना जोडणारा एक माणूसही आहे: १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे हरलेले लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आले, आणि १७९० मध्ये टिपूविरुद्ध त्यांचा पुण्याशी तह झाला तेव्हा पुण्याचा कारभार नानांच्या हातात होता.

वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन, पोटोमॅक नदीच्या काठी. सुमारे आठ हजार एकरांची मिळकत, पाच शेतं. १८५८ मध्ये महिलांच्या एका संस्थेने ती विकत घ्यायचा करार केला आणि आजही तीच संस्था ती सांभाळते. दुसरं घर थॉमस जेफरसन यांचं, माँटिचेलो. या दोन्ही घरांचा इतिहास फार काळ आपल्या मेणवलीसारखाच सांगितला गेला: थोर माणूस, सुंदर खांब, बाग, जेवणाचं टेबल. राबणाऱ्या गुलामांना 'नोकर' म्हटलं जाई.

बदल कशाने झाला? बऱ्याच जणांना वाटतं, नवे कागद सापडले. डीएनए चाचणी आली हे खरं, पण मुख्य कागद जुनेच होते. जेफरसन यांची शेतीची वही, जिच्यात गुलामांची नावं आणि त्यांना वाटलेली कापडं-घोंगड्या लिहिल्या आहेत, १९५३ मध्येच छापली गेली होती. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचे वडील जेफरसन असण्याची दाट शक्यता माँटिचेलोच्या विश्वस्त संस्थेने मान्य केली ती २००० मध्ये. वॉशिंग्टन यांनी १७९९ मध्ये स्वतः केलेल्या यादीत माउंट व्हर्ननवरच्या ३१७ गुलामांची नोंद आहे. यादी होतीच. लोकांनी तिला विचारलेला प्रश्न बदलला.

एक प्रसंग तर आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावा असा. युद्धाच्या काळात वॉशिंग्टन घरी नव्हते, मिळकत त्यांचे नातलग लुंड वॉशिंग्टन बघत. १७८१ मध्ये ब्रिटिशांचं एक लढाऊ जहाज नदीत आलं आणि सतरा गुलाम पळून त्यावर गेले. लुंडने घर वाचवायला जहाजावर रसद पाठवली, म्हणून वॉशिंग्टनने त्याला पत्रातून खडसावलं. मालक घरी असता तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. मालक दूर असताना कारभारी लिहितो, आणि त्याच्या लिहिण्यात बाकीची माणसं दिसतात.

आता हा प्रश्न मेणवलीला लावा. नाना आयुष्यभर पुण्यात गुंतलेले. १७९७ च्या अखेरीस तर दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केलं आणि १७९८ च्या मध्यापर्यंत ते आमच्या नगरच्या किल्ल्यात होते. त्या महिन्यांत मेणवलीचा कारभार कोण बघत होतं? वसूल कुणाकडे गेला? घाटावरच्या देवळांचा खर्च कुणी चालवला? नगरच्या किल्ल्यावर आणि नानांवर वेगवेगळे लेख भरपूर आहेत. त्या कैदेला मेणवलीच्या जमाखर्चाशी जोडणारा लेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने तो लिहावा, असं मला फार वाटतं.

पण नक्कल नको

एक इशारा. अमेरिकेचं उदाहरण दिलं की काही जण लगेच 'मेणवलीतले गुलाम' असा विषय घेऊन येतील. सावकाश. मेणवली हे शेकडो गुलामांवर चालणारं शेत नव्हतं, इनाम गाव होतं. कष्ट करणाऱ्यांचं बंधन इथे वेगळ्या नावांनी येतं: वेठ, बलुतं, कर्ज, जात. पेशवाईत मोठ्या घरांतून आणि सरकारी कोठ्यांतून कुणबिणी होत्या, त्यांची खरेदी-विक्री होत असे, हे प्रसिद्ध कागदांतून दिसतंच. म्हणून मेणवलीचे जमाखर्च वाचताना हा शब्द डोळ्यांपुढे ठेवा. पण उत्तर आधी ठरवून कागद वाचू नका. थोर माणसाची आरती ओवाळणारा आणि आधीच निकाल देऊन बसलेला, दोघेही कागदाला बोलू देत नाहीत.

शिवाय हा प्रश्न विचारायला आपल्याला अमेरिकेची वाट बघायची गरज नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध वाचला. लढाया आणि राजकारण यांच्यापलीकडे लोक कसे राहत, न्याय कसा मिळे, कर काय बसत, हे या रोजनिश्यांतून कळतं, असा त्याचा रोख होता. म्हणजे प्रश्न मराठी माणसानेच विचारला होता, सव्वाशे वर्षांपूर्वी.

मग पुढे काय झालं? छापखान्यात आधी राजकीय पत्रं गेली. याला कारणं होती आणि ती समजून घ्यायला हवीत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'साधनां'चा पहिला खंड काढला तो वाईत सापडलेल्या कागदांवर, आणि त्यात पानिपतचा काळ होता. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी नानांचं चरित्र लिहिलं. पारसनिसांनी कागद मिळवले आणि छापले. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत आणले. परकी सत्ता 'तुम्हाला इतिहासच नाही' म्हणत असताना या माणसांनी आधी राज्य, मग लढाई, मग मुत्सद्देगिरी सिद्ध केली. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि कृतघ्नपणाचं आहे. पण त्यांनी जे 'निवडक' ठेवलं त्यालाच 'सगळं' समजून आपण आजही लिहितो, हा दोष मात्र आपलाच आहे.

कागद वाड्यात नाहीत

मेणवलीची सगळ्यात मोठी मिळकत सागवानाची नव्हती, कागदांची होती. नानांचं दप्तर या वाड्यात होतं, म्हणून त्याचं नाव 'मेणवली दप्तर'. पारसनिसांच्या हाती ते आलं, साताऱ्याच्या इतिहास संग्रहालयात गेलं आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. तुम्ही मेणवलीला गेलात तर भिंती दिसतील. त्या भिंतींच्या आत काय चालत होतं, ते वाचायचं तर पुण्याची गाडी पकडायला हवी.

म्हणून 'वाड्याचा इतिहास' म्हणून वाड्यात फिरून लिहिलेला लेख अर्धाच राहतो. मी वाड्यात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पुष्कळ फोटो काढले. आराखड्यात त्यातला एकही उपयोगी पडला नाही.

इतिहास १८०० ला संपतही नाही. इंग्रज आल्यावर इनामांची चौकशी झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला आपला हक्क कागदांनी सिद्ध करावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामं रद्द झाली. म्हणजे इनाम या व्यवस्थेची गोष्ट नानांच्या पश्चात दीडशे वर्षं चालू राहिली. लेख नानांच्या मृत्यूवर थांबतो आणि थेट सिनेमाच्या शूटिंगवर उघडतो. मधली दीडशे वर्षं गाव तिथेच होतं, शेतं पिकत होती, कुणीतरी कुणालातरी सारा देत होतं.

तुम्ही काय कराल

मेणवली तुमचा विषय नसेल. पण असा एखादा वाडा तुमच्याही तालुक्यात असेलच. नगर जिल्ह्यातच बघा, पारनेरजवळ जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. कुठलाही वाडा घ्या आणि आराखडा लिहायच्या आधी एवढं करा.

पहिलं, त्यावरचे पाच लेख वाचा आणि पाचांतही जसंच्या तसं येणारं वाक्य शोधा. ते बहुधा एकमेकांवरूनच उतरवलेलं असतं. त्याची सालं तपासा.

दुसरं, नावाची सगळी रूपं लिहून काढा. नानांसाठीच फडणवीस, फडनवीस, फडणीस, आणि इंग्रजांच्या कागदांत फर्नवीसच्या जवळपास जाणारी पाच-सहा रूपं मिळतील. एकाच रूपाने शोधलंत तर निम्मे कागद तुमच्यासाठी नाहीतच. (आणि तुमच्या गावाच्या नावाची आणखी दोन गावं असतील तर बेलापूरकरांना विचारा.)

तिसरं, मोडी शिका. यावर मी वेगळी पोस्ट लिहिली होती, पुन्हा सांगत नाही. रोजकीर्द आणि ताळेबंद वाचता आले नाहीत तर तुम्ही कायम दुसऱ्याने निवडलेल्या पत्रांवर अवलंबून राहाल.

चौथं, वाक्यातला कर्ता बदलून बघा. 'नानांनी घाट बांधला' याचं 'घाट कुणी बांधला' करा. पाथरवट, बेलदार, गाडीवान, चुना मळणारे, त्यांची मजुरी की वेठ. मूळ वाक्य चूक नाही. पण तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी आता साडेचार पानं आहेत, जिऊबाईंवर. लोहगडापासून सुरू होतात. गाईडनी परवा ती वाचली आणि पुन्हा पेन्सिलीने एक गोल केला, या वेळी 'पनवेल'भोवती. बाजूला काही लिहिलेलं नाही.

मी पनवेलच्या कागदांना लागले आहे.